हात वर होईपर्यंत

डोमाजींना शांतता आवडत नव्हती, असे म्हणणे बरोबर होणार नाही. शांतता म्हणजे काहीतरी बिघडले आहे, एवढेच त्यांना ठाऊक होते. भरदुपारी कधी पिठाच्या गिरणीची पायाखालची थरथर थांबली, नळावरच्या बायका घरी गेल्या आणि गल्ली चुकून गप्प झाली, की ते दुकानातून बाहेर येत, छपराकडे पाहत आणि समोर दिसेल त्याला विचारीत, "काय गा, लाइन गेली का?"

नागपूरच्या जुनी शुक्रवारी या वस्तीतल्या त्या गल्लीत माझे आणि त्यांचे घर समोरासमोर होते. त्यांच्या पुढच्या खोलीत लाउडस्पीकर भाड्याने देण्याचे दुकान होते. मी एका मराठी दैनिकात बातमीदार होतो. एकोणीसशे साठचे दशक संपता संपता तिथे राहायला आलो आणि ऐंशीनंतर ती गल्ली सोडली. मधली सगळी वर्षे त्या दुकानाच्या छपरावरचा भोंगा माझ्या खिडकीच्या पातळीत होता.

डोमाजी ठेंगणे, गोल, सदा हसतमुख. पांढरा लेंगा, अर्ध्या बाह्यांचा सदरा, खिशात पान आणि स्क्रू पिळायचा पेचकस एकत्र. गळ्यात मफलरसारखी तारेची गुंडाळी. बोलायला लागले की अंगावर येऊन मोठ्याने बोलत, आणि समोरचा बोलायला लागला की त्याच्या तोंडाकडे एकटक पाहत. अनोळखी माणूस यावर खूश होई. "डोमाजी किती मन लावून ऐकतात!" असे लोक म्हणत. ते ऐकत नव्हते, ओठ वाचत होते. हे आम्हाला फार उशिरा कळले.

त्यांच्याबद्दल वाईट बोलणारा माणूस गल्लीत नव्हता, हेही नोंदवले पाहिजे. जत्रेत हरवलेली पोरे त्यांच्या माईकवरून सापडत. गरिबाघरच्या लग्नाला ते भाडे घेत नसत. दारात आलेल्याला चहा पाजल्याशिवाय सोडत नसत. आणि हाच माणूस वर्षातले निम्मे दिवस आमच्या डोक्यात खिळे ठोकत असे. गणपतीच्या दिवसांत नाक्यावरच्या किराणा दुकानात डोकेदुखीच्या गोळ्या गुळापेक्षा जास्त खपत. तान्ही पोरे झोपेत दचकून काळीनिळी होईपर्यंत रडत. नवरा-बायको घरातल्या घरात ओरडून बोलत आणि मग ओरडून बोललो म्हणून भांडत. भोंगा बंद झाल्यावरही भांडण चालूच राही, कारण कान तोपर्यंत सुन्न झालेले असत. अन्नावरची वासना जाते, पोटात गोळा येतो, कारण नसताना समोरच्याच्या मुस्काटात मारावेसे वाटते; हे सगळे त्या गल्लीत रोजचे होते. कोणी त्याला आजार म्हणत नसे. "लग्नसराई आहे," असे म्हणत.

डोमाजींचे एक वाक्य ठरलेले होते. "वाजलं नाही तं झालंच नाही गा." बारसे असो, सत्यनारायण असो, उद्घाटन असो. एखाद्याने घरगुती कार्य गुपचूप उरकले तर ते खरेच हळहळत. "पोराचं नाव ठेवलं म्हणते. कोणाले आयकू आलं?"

भोंगा लावण्याची त्यांची एक पद्धत होती. छपरावर भोंगा बांधला, की घरातले एक माणूस चौकात पिंपळाखाली जाऊन उभे राही. डोमाजी दुकानात बसून अ‍ॅम्प्लिफायरची कळ हळूहळू फिरवीत. अ‍ॅम्प्लिफायरला ते मशीन म्हणत. चौकातल्या माणसाला शब्द न् शब्द कळू लागला, की त्याने हात वर करायचा. हात वर झाला, की कळ तिथेच सोडायची. तेवढ्या आवाजात ओरडून सांगण्याचा उपयोग नव्हता, म्हणून ही खूण. हे काम त्यांनी आपल्या मुलीला दिले होते. मंदा शाळेतही जात नव्हती तेव्हापासून ती चौकात उभी राही.

"मंदे, जाय वं. हात दे."

दोन वेण्या उडवीत पोरगी पळत जाई. मी आलो तेव्हा तिचा हात पटकन वर जायचा. दुकानात परत आली की डोमाजी तिला उचलून मशीनवर बसवीत, कारण मशीन थंडीत उबदार असे, आणि तिच्या तोंडासमोर माईक धरीत. ती गल्लीला सांगे, "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग!" लोक कौतुक करीत. पुढे पुढे तो हात उशिरा वर जाऊ लागला. उन्हात पोट्टी कंटाळते, असे डोमाजी म्हणत. आम्हाला एवढेच कळे, की आवाज दर वर्षी चढतो आहे. नवे मशीन आणले असेल, असे आम्ही समजलो.

तक्रारी होत नव्हत्या असे नाही. त्यावर डोमाजींचा एक रामबाण उपाय होता. माझ्या शेजारी कोलते मास्तर राहत. निवृत्त शिक्षक. त्यांना हृदयविकाराचा एक झटका येऊन गेला होता आणि डॉक्टरांनी पडून राहायला सांगितले होते. ते एकदा भिंतीला धरत धरत दुकानात गेले. मी तिथेच होतो.

"डोमाजी," मास्तर म्हणाले, "मला आराम सांगितला आहे हो. तुमचं गाणं लागलं की छातीत धडधडतं."

डोमाजी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. चेहरा कळवळला. "बाप्पा! मास्तर, तुम्ही कायले चालत आले? निरोप धाडाचा नं. आत्ताच फिरवून देतो."

आणि लेंगा खोचून ते शिडीवर चढले आणि भोंग्याचे तोंड मास्तरांच्या घरावरून हलवून शिंप्याच्या घराकडे केले. खाली येऊन मास्तरांना चहा पाजला. महिनाभराने शिंप्याची बायको तान्हे लेकरू कडेवर घेऊन आली. लेकरू दूध धरेनासे झाले होते. डोमाजींनी लेकराला काजळाची तीट लावली आणि भोंगा पुन्हा फिरवला. असा तो वर्षानुवर्षे घरोघर फिरला. शेवटी त्याला कायमची जागा मिळाली. गल्लीच्या टोकाला एक सूतिकागृह होते. तिकडून कोणी तक्रार घेऊन आले नाही. तिथल्या बायका चालत येण्याच्या स्थितीत नसत.

मी एकदा म्हणालो, "फिरवता कशाला? कमी करा ना."

"कमी?" त्यांना मी काही अभद्र बोललो असे वाटले. "भाऊ, कमी आवाजाचा माईक म्हणजे बिनमिठाचं वरण. गिऱ्हाईक तोंडावर फेकून मारीन." मग त्यांनी मला आपल्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट सांगितली. ती ते सगळ्यांना सांगत. नरखेडकडच्या एका खेड्यात लग्न होते. नवरदेवाच्या बापाची अट अशी, की आवाज शेजारच्या गावात गेला पाहिजे, कारण त्या गावाने आमच्या पोराला मुलगी दिली नाही. डोमाजींनी संत्र्याच्या बागेतल्या विहिरीवर बांबू उभे केले आणि त्यावर दोन भोंगे बांधले. "लग्न होऊन गेलं तरी वाजवत होतो. शेवटी त्या गावचा पाटील सायकलवर आला. हात जोडले त्यानं. म्हणे, म्हशी पान्हवत नाही, म्हातारी मरायले टेकली, बंद करा. बोला भाऊ! पाटलानं हात जोडले!"

"आणि म्हातारी?" मी विचारले.

"कोणती म्हातारी?" ते म्हणाले.

मी गल्लीतल्या आवाजावर एक बातमी लिहिली होती. नावे न घालता, साधी. वृत्तसंपादकांनी ती वाचली आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवली. "यात मेलं कोण?" त्यांनी विचारले. कोणी मेले नव्हते. बातमी छापली गेली नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. कागदाचा आणि बांबूचा भला मोठा पुतळा मिरवत गावाबाहेर न्यायचा आणि ओरडायचे, "रोगराई घेऊन जा गे मारबत!" डोमाजींचा तो आवडता दिवस. हातगाडीवर मशीन, बॅटरी आणि दोन भोंगे बांधून ते स्वतः माईक धरीत. माझी बातमी परत आली त्या वर्षी आमच्या दाराशी गाडी थांबवून त्यांनी यादीच म्हटली. "खोकला घेऊन जा गे मारबत! हिवताप घेऊन जा गे मारबत! मास्तरचं दुखणं घेऊन जा गे मारबत!" हे त्यांनी मनापासून म्हटले. भोंगा मास्तरांच्या खिडकीपासून हातभर अंतरावर होता. खिडकीच्या फटीत मास्तरांच्या बायकोने गोधडी कोंबली होती. तिच्या कडा थरथरताना मला दिसत होत्या.

रोगराई गेली आणि थोड्याच दिवसांनी गणपती बसले. चौकातल्या मंडळाचे काम अर्थात डोमाजींकडे. मास्तर भाद्रपदाच्या उकाड्यात कानांत तेलाचे बोळे घालून, वरून शाल गुंडाळून पडून असत. नवी रेकॉर्ड सुरू झाली की त्यांचा हात छातीवर जाई. रक्तदाब उतरत नाही म्हणून डॉक्टर गोळ्या बदलत होते. विसर्जनाच्या आदल्या दिवशी दुपारी मास्तर गेले. दाखल्यावर हृदयविकार लिहिले होते, आणि ते खोटे नव्हते.

डोमाजी लहान मुलासारखे रडले. शोकसभेला त्यांनी माईक फुकट दिला. दोन मिनिटे शांतता पाळण्याची सूचना त्या भोंग्यावरून इतक्या मोठ्याने झाली, की पिंपळावरचे सगळे कावळे उडाले. निधनवार्ता मीच लिहिली. ती मात्र छापून आली.

मंदा तेव्हा सहावीत असेल. शाळेतून निरोप आला, मुलीचे लक्ष नाही, मागच्या बाकावर नुसती बसून असते, वरच्या वर्गात घालता येणार नाही. बाई तिला वर्गाबाहेर उभी करीत. घरीही ती फार मोठ्याने बोले. आई म्हणे, "हळू बोल वं, मी काय बहिरी आहे?" हे म्हणता म्हणताच तिच्या, अनसूयाबाईंच्या, मनात शंका आली असावी. डोमाजींची बायको कमी बोलणारी होती. त्या घरात तिची पाळीच येत नसे. ती एका सकाळी माझ्याकडे आली. "भाऊ, तुमच्या वळखीचा कानाचा डॉक्टर आहे का? पोट्टीले दाखवाचं आहे. यांना घेऊन चाला, नाही तं हे मानणार नाही."

सरकारी दवाखान्यात माझ्या ओळखीचे एक डॉक्टर होते. त्यांनी मंदाच्या कानामागे कान तपासायचा लोखंडी चिमटा वाजवून धरला, पुढे धरला, लांब नेला. मग तिच्या पाठीमागे उभे राहून हळू आवाजात तिचे नाव घेतले. ती समोरच्या भिंतीकडे पाहत राहिली. पुन्हा घेतले. अनसूयाबाईंनी पदर तोंडाला लावला. मग डॉक्टरांनी डोमाजींनाच त्या स्टुलावर बसवले. ते हसत बसले, आणि चिमट्याची पाळी आल्यावर डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहून प्रत्येक वेळी "हाव, आयकू येते" म्हणाले. डॉक्टरांनी चिमटा वाजवलाच नव्हता.

"कानात काही वाजतं का तुमच्या?" त्यांनी समोर येऊन विचारले.

"वाजते नं!" डोमाजी उजळले. "सनई वाजते. दिवसरात. मस्त वाटते."

"तो आजार आहे."

"आजार कायचा डॉक्टरसाहेब? आशीर्वाद आहे धंद्याचा."

डॉक्टरांनी समजावून सांगितले. कानाच्या आत केसांसारख्या बारीक पेशी असतात. मोठा आवाज रोज पडत राहिला की त्या मरतात, आणि मेल्या की पुन्हा येत नाहीत. दुखत नाही, रक्त येत नाही, म्हणून कोणाला कळत नाही. मुलीचे निम्म्याच्या वर गेले आहे. "गेलेलं मी आणू शकत नाही. पण उरलेलं वाचेल. तिला भोंग्यापासून लांब ठेवा. तुमचंही नाव मी रजिस्टरात लिहून ठेवतो, पण तुमचं काही उरलेलं नाही."

डोमाजी डॉक्टरांच्या ओठांकडे पाहत होते. त्यांना सगळे कळले होते, याबद्दल मला शंका नाही. डोळ्यांत पाणी होते. त्यांनी मंदाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "असं करतो. तिच्यावरून भोंगा फिरवून देतो."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मला त्या क्षणी त्या माणसाची शिसारी आली. त्यात दुष्टपणा शोधला तर सापडला नसता, म्हणून जास्तच आली.

अनसूयाबाईंनी मंदाला चौकात पाठवणे बंद केले. याचा परिणाम गल्लीवर झाला. हात देणारे कोणी नाही म्हणून डोमाजी आता स्वतःच्या कानाने आवाज लावू लागले.

मुलगी राहत होती त्याच छपराखाली. दुकान हलवायला दुसरी जागा नव्हती, आणि डोमाजींच्या मते हलवायचे कारणही नव्हते. भोंग्याचे तोंड तर बाहेर होते. शाळा सुटली. मंदा शिवण शिकली, आमच्या सगळ्यांचे सदरे शिवू लागली. तिच्याशी बोलायचे तर समोर उभे राहून, तोंड उजेडाकडे करून बोलावे लागे. तिचे उरलेले कान वाचवायचे तर तिला त्या घरातून जाणे भाग होते. आणि मुलीला घरातून बाहेर पडायचा एकच रस्ता अनसूयाबाईंना माहीत होता. त्या स्थळे पाहू लागल्या.

पारशिवनीकडचे एक स्थळ आले. शेतीवाडीचे लोक, मुलगा सोसायटीत नोकरीला. पाहायला मुलाचे वडील, आई आणि मावशी येणार होते. घरात प्रश्न असा पडला, की पाहुण्यांनी हळू काही विचारले आणि मंदाला कळले नाही, तर? यावर डोमाजींना जे सुचले, ते दुसऱ्या कोणा बापाला सुचले नसते. त्यांनी पुढच्या खोलीत मधोमध स्टँडवर माईक उभा केला आणि मंदाच्या पाटाशेजारी एक लहान स्पीकर ठेवला. पाहुण्यांना त्यांनी सांगितले, "आमचा धंदाच हा आहे. माईकशिवाय आमच्या घरी पाहुण्याचा मान होत नाही."

पाहुण्यांना ते आवडले. नागपूरला असेच असते, असे त्यांना वाटले असावे. पण सकाळीच एका बारशाची जाहिरात करून झाली होती, आणि त्याच मशीनवरून छपरावर गेलेली तार काढायची राहून गेली होती. घरातल्या बाप-लेकींना वरचे ऐकू येणे शक्य नव्हते. अनसूयाबाई मागे चुलीशी पोहे करीत होत्या. स्पीकर इतका मोठा लावला होता, की पाहुण्यांना वरचा आवाज निराळा कळला नाही. मी माझ्या खोलीत दाढी करीत होतो. भोंग्यातून अचानक एका अनोळखी गृहस्थाचे खाकरणे आले.

"हां. मुलीचं नाव काय म्हणालात?"

"मंदा डोमाजी," मंदाचा आवाज आला. गिरणीवरची रांग हसली. खिडक्या उघडल्या.

मुलाच्या वडिलांना माईक मानवला. त्यांनी पारशिवनीच्या पिकापाण्याविषयी थोडे भाषणही केले. मग आईने विचारले, स्वयंपाक येतो का, पुरणपोळी येते का. मंदाने सगळ्याची नीट उत्तरे दिली. सगळी जुनी शुक्रवारी कान देऊन होती. तेवढ्यात एक पुटपुटणे आले. मावशी बहिणीच्या कानाशी लागली असणार. माईक तिच्या पुढ्यातच होता आणि डोमाजींच्या मशीनला कुजबूज माहीत नव्हती.

"बाई, माईक काहून लावला वं? पोट्टी बहिरी तं नाही?"

हे चौकात पिंपळाखाली स्वच्छ ऐकू आले. मंदालाही आले. मग कोणीतरी माईक जवळ ओढल्याचा आवाज झाला.

"हाव," मंदा म्हणाली. "मले कमी आयकू येते. माह्या बाबाले त्याच्याहून कमी आयकू येते. म्हणून माईक लावला. लहानपणी बाबा मले चौकात उभं करत. मले आयकू आलं की मी हात वर करो. मले आयकू येईपर्यंत कधीच हात वर नाही केला मी. तवर बाबा आवाज चढवत राहत. गल्लीले विचारा. लोकाईले माहीत नाही, थो आवाज माह्या कानाचा होता म्हणून."

रांगेत आता कोणी हसत नव्हते. कोलते मास्तरांची बायको दारात येऊन उभी राहिली होती. मी अर्ध्या चेहऱ्यावर साबण तसाच घेऊन समोर गेलो. पाहुणे उठले होते. ते वाईट लोक नव्हते. पोहे खाऊन जा, असे अनसूयाबाई म्हणाल्या, तर बिचाऱ्यांनी उभ्या उभ्या खाल्ले. मावशीने मंदाच्या गालावरून हात फिरवला. मुलाचे वडील "कळवतो" म्हणाले, पण माईकपासून तोंड वळवून.

मंदा बोलत होती तेव्हा तिची पाठ बापाकडे होती. त्यामुळे डोमाजींना तिचे ओठ दिसले नव्हते. त्यांना दिसले ते पाहुण्यांचे चेहरे. ते त्यांनी वेगळेच वाचले. मी दारात पोहोचलो तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतले.

"गंभीर झाले पाहुणे," ते म्हणाले. "पोट्टी चांगली बोलली वाटते. आवाज बरोबर होता नं, भाऊ?"

काय झाले ते अनसूयाबाईंनी त्यांना संध्याकाळी समोर बसवून सांगितले. दुसऱ्या दिवशी दुकान उघडले नाही. तिसऱ्या दिवशी उघडले. एका लग्नाची सुपारी आली होती.

पुढे दोन वर्षांनी मंदाचे लग्न ठरले. आमच्या छापखान्यात सदाशिव नावाचा बाइंडर होता. पुस्तके शिवणारा, अबोल माणूस. छापण्याच्या यंत्राजवळ फिरकत नसे. सदरा शिवायला टाकायच्या निमित्ताने त्याची आणि मंदाची ओळख झाली होती. तिच्याशी बोलताना तो आधी तिच्यासमोर येऊन उभा राही आणि मग तोंड उघडे. मंदाने त्याला आपण होऊन सगळे सांगितले होते. बापाला तिने एकच अट घातली. लग्नात भोंगा वाजणार नाही.

डोमाजींना हे समजेचना. "गावाच्या पोरींच्या लग्नात वाजवलं. माह्या पोट्टीच्या लग्नात नाही?" ते माझ्या दारात उभे राहून विचारीत होते. "वाजलं नाही तं झालंच नाही, भाऊ. लोकं म्हणतीन, डोमाजीच्या घरी मौत झाली का काय?"

लग्नाच्या दिवशी सकाळी भोंगा छपरावर चढलेला होता. नवा चकचकीत रंग दिलेला, गळ्यात झेंडूची माळ, आणि तोंड चौकाकडे. मांडवाच्या कडेला टेबलावर मशीन आणि रेकॉर्ड प्लेयर होते. डोमाजींनी नवे धोतर नेसले होते. डोक्याला फेटा होता आणि खिशात पेचकस होताच. अनसूयाबाईंनी कपाळाला हात लावला. मंदाने काही केले नाही. डोमाजी नवरदेवाला आणायला कोपऱ्यापर्यंत गेले तेव्हा ती हळदीच्या अंगाने उठली, टेबलाशी गेली, रेकॉर्ड प्लेयरपासून मशीनकडे जाणारी बारीक तार उपसून टेबलाखाली टाकली आणि परत पाटावर जाऊन बसली. मांडवातल्या बायकांनी ते पाहिले. अनसूयाबाईंनी सगळ्यांकडे पाहून तोंडावर बोट ठेवले.

डोमाजी आले, टेबलाशी बसले. सनईची रेकॉर्ड लावली. रेकॉर्ड फिरू लागली. मशीनचा लाल दिवा लागला. त्यांनी कळ फिरवली.

भोंग्यातून काही आले नाही. त्याच्या कडेवर एक चिमणी येऊन बसली. त्या गल्लीत मी पाहिलेले ते पहिलेच लग्न, ज्यात भटजींची मंगलाष्टके माणसाच्या आवाजात ऐकू आली. दूर कुठे तरी रिक्षाची घंटी वाजली, तीही कळली. मागे एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "लग्न आहे का दहावं गा?" आणि बायकांनी त्याला दटावले. कोणी डोमाजींना सांगायला गेले नाही. जुन्या शुक्रवारीतले शंभर-दीडशे लोक पोटभर गप्प बसले. मी त्यांना इतके एकमताने काही करताना पुन्हा पाहिले नाही.

डोमाजी आनंदात होते. मान डोलत होती, टेबलावर बोटे ताल धरीत होती. त्यांच्या कानातली सनई त्यांना पुरेशी होती, किंवा त्यांना ती छपरावरचीच वाटत होती. एक-दोनदा त्यांच्या चेहऱ्यावर शंका आली. त्यांनी कळ आणखी फिरवली. मग आणखी. चौकात उभे राहायला कोणी नव्हते. त्यांनी इकडे तिकडे पाहिले, आणि मांडवातून, अंतरपाट धरणाऱ्यांच्या खांद्यावरून, त्यांनी मंदाकडे पाहिले आणि भुवया उंचावल्या.

मंदाने बापाकडे पाहिले. हिरव्या चुड्याने भरलेला हात तिने वर केला.

डोमाजींनी कळ तिथेच सोडली.